येशूच्या नावाने बाजाराचा सातबारा?



मागच्या महिन्यात जालन्यात आमच्या अभ्यासवर्गाला एक ख्रिस्ती तरुण आला होता. मातंग घरातला, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, स्वतःचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. चर्चा आरक्षणावर चालली होती. तो उठला आणि म्हणाला, "तुम्ही लोक सारखे सरकारकडं बघता. आमचा देव माणसाला एकेकट्याला ओळखतो. पाप ज्याचं त्याचं, तारण ज्याचं त्याचं, मग कमाईही ज्याची त्याची. बाजार कुणाला जात विचारत नाही. जात विचारतं ते सरकार."

टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे ख्रिस्ती नव्हते, आपलीच पोरं होती. निळा रुमाल गळ्यात आणि खिशात कुठल्यातरी श्रीमंत होण्याच्या कोर्सची पावती. हा लेख त्या ख्रिस्ती मित्रासाठी आहेच, पण जास्त त्या टाळ्यांसाठी आहे.

प्रश्न सरळ मांडू. ख्रिस्ताला मानणारा माणूस मुक्त बाजाराचा व्यक्तिवाद मानू शकतो का? आमचं उत्तर असं: येशूच्या शिकवणुकीत त्याला जागा नाही. चर्चच्या इतिहासात मात्र त्याला भरपूर जागा मिळाली. ती कुठल्या दारातून मिळाली, ते बाबासाहेबांनी दाखवून ठेवलेलं आहे. आणि तेच दार आपल्याही घराला आहे.

आधी व्यक्तिवाद म्हणजे काय ते बघू. व्यक्तीला किंमत देणं म्हणजे व्यक्तिवाद नव्हे. व्यक्तीला किंमत तर बाबासाहेबांनीच दिली. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना त्यांनी खेड्याचे वाभाडे काढले आणि घटनेचा एकक खेडं न धरता व्यक्ती धरली याचं समाधान व्यक्त केलं. तेव्हा व्यक्तीच्या विरोधात आम्ही नाही. बाजारवाद्यांचा व्यक्तिवाद वेगळा आहे. तो म्हणतो, माझ्या कमाईवर आणि मालमत्तेवर माझ्याशिवाय कुणाचा हक्क नाही, सरकारनं पोलीस आणि कोर्ट सांभाळावं आणि बाकी हात मागे घ्यावा. आपल्याकडे ही मांडणी शेतकऱ्यांपर्यंत नेली ती शरद जोशींनी, १९९४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र भारत पक्षही काढला. शेतमालाच्या भावाबद्दल त्यांचं म्हणणं पुष्कळ अंशी खरं होतं हे मान्य करू. पण ज्याच्याकडे विकायला शेतमालच नाही, त्याच्या भावाचं काय, हा प्रश्न बांधावर उभ्या असलेल्या माणसाचा होता आणि तो उभाच राहिला.

या विचाराची सगळ्यात प्रामाणिक प्रवक्ती आम्हाला आयन रँड वाटते. ती नास्तिक होती. दुसऱ्यासाठी स्वतःचा बळी देणं तिला सद्गुण वाटतच नव्हतं, उलट सगळ्या दुष्टपणाचं मूळ वाटत होतं. क्रूसावर निर्दोष माणूस दोषी माणसांसाठी मरतो, ही कल्पना तिला अन्यायाची वाटली. म्हणजे बाजारवादाची थोर देवीच सांगून गेली की माझं आणि क्रूसाचं जमणार नाही. तिचे भक्त आता रविवारी चर्चमध्ये कसे बसतात, ते त्यांनाच विचारावं.

आता बायबल. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा दाखला आहे. मालक पहाटे नाक्यावर जातो, दिवसाची मजुरी ठरवून मजूर आणतो. पुन्हा जातो, पुन्हा आणतो. दिवस मावळायला तासभर उरला असताना जातो तर काही मजूर उभेच. दिवसभर रिकामे का, असं विचारतो. ते सांगतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. जालन्यातल्या मजूर नाक्यावर सकाळी दहानंतर जाऊन बघा, हेच उत्तर मिळेल. संध्याकाळी मालक सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात.

बाजारवादी ख्रिस्ती या दाखल्यातलं एकच वाक्य उचलतात. माझ्या पैशाचं मी मला हवं ते करू शकत नाही का, असं मालक म्हणतो ते. बघा, म्हणे, येशूनंच मालमत्तेचा हक्क मानला! पण बाबांनो, त्या मालकानं त्या हक्काचा वापर कशासाठी केला? बाजारभाव मोडण्यासाठी. तासाला तासाचं दाम हा बाजाराचा हिशेब आहे. त्यानं हिशेब लावला तो घराचा, आज या माणसाच्या चुलीला किती लागेल याचा. आणि ज्याला कुणी कामावर घेतलं नाही त्याला तो आळशी म्हणत नाही. आपल्याकडं मात्र नाक्यावर उभा राहिलेला माणूस दुपारपर्यंत आळशी ठरतो आणि संध्याकाळपर्यंत दारुडा.

प्रेषितांच्या कृत्यांत, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात, पहिल्या ख्रिस्ती मंडळीचं वर्णन आहे. जमीनजुमला विकून पैसा एकत्र करत आणि ज्याला जितकी गरज तितकं वाटत. कुणी गरजू उरला नाही, असं लूक लिहितो. मत्तयानं दिलेल्या प्रार्थनेत तर ऋण सोडण्याचा शब्द आहे. कर्जमाफीवरून नाक मुरडणाऱ्यांनी ती प्रार्थना दर रविवारी कोणत्या तोंडानं म्हणायची?

इथं आमचा ख्रिस्ती मित्र एक चांगला मुद्दा मांडतो. तो टाळून चालणार नाही. तो म्हणतो, हे सगळं स्वेच्छेनं होतं. पहिल्या मंडळीवर कुठल्या तहसीलदाराची सक्ती नव्हती. सक्तीनं घेतलेला कर हे पुण्य नाही, मनानं दिलेलं दान हे पुण्य. म्हणून बाजार मोकळा ठेवा आणि दान वाढवा, हाच ख्रिस्ती मार्ग.

पहिलं उत्तर त्याच्याच पुस्तकातून. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ घराण्याला परत करायला सांगितलं आहे. का? तर जमीन देवाची, माणसं तिच्यावर पाहुणी. ही दानधर्माची विनंती नव्हे, हा कायदा आहे. शेत कापताना कडा सोडा, खाली पडलेलं उचलू नका, ते गरिबांचं आणि परक्याचं, हाही कायदा. आपल्याकडे त्याला सरवा म्हणतात. आपल्या आज्यांनी तो वेचलेला आहे, त्यामुळे आपल्याला समजावून सांगायला नको.

आणि दुसरं उत्तर त्या सरव्यातूनच येतं, जे बायबलमध्ये नाही आणि मराठवाड्यात आहे. स्वेच्छेनं दिलेल्या दानावर जगणं म्हणजे काय असतं ते महार-मांगांइतकं कुणाला ठाऊक? बलुतं म्हणजे दुसरं काय होतं! कागदावर तो गावकीचा हक्क होता. प्रत्यक्षात खळ्याच्या कडेला उभं राहायचं, जोहार घालायचा आणि पाटलाच्या मनाला येईल तेवढं पदरात घ्यायचं. पाटील चांगला असला की पायली भरायची, कातावला की नाही. घरोघर फिरून मागून आणलेल्या भाकरीत देणाऱ्याला पुण्य होतं, घेणाऱ्याला नुसती मान खाली घालणं होतं. बाबासाहेब महार वतनावर तुटून पडले ते यासाठी. तेव्हा बाजार मोकळा आणि गरिबाला दान, ही व्यवस्था नवी नाही. अमेरिकेतल्या पुस्तकातून ती शिकायचीही गरज नाही. ती आमच्या पंज्याला वेशीबाहेर ठेवून गेलेली आहे.

आता जालन्यातलीच गोष्ट सांगतो, कारण बाहेरच्या गोष्टी पुष्कळ झाल्या.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणानं बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला होता, तो अल्पवयीन म्हणून कोर्टानं बापाकडे परत दिला. त्याला जातीत परत घ्यावं की नाही यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत केवढा गदारोळ झाला. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनं उभे राहिले म्हणून त्यांनाही शिव्या खाव्या लागल्या. एक पोरगं घरी परत आलं तर हा गोंधळ! कोट्यवधी माणसं शतकानुशतकं वेशीबाहेर होती, त्यांच्यासाठी कधी सभा भरली नाही. असो.

नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आले, फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून. इथल्या मांग समाजात त्यांनी काम केलं, आणि जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. बेथेल म्हणजे देवाचं घर. त्यासाठी जमीन मिळाली ती निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. गावात ज्यांना वेशीच्या आत घर नव्हतं, त्यांना इथं चर्च, शाळा आणि शेती असलेलं स्वतःचं गाव मिळालं. शेषाद्री १८९१ मध्ये वारले.

आता या गोष्टीतला आमच्या कामाचा धागा पकडा. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड १८४३ मध्येच जन्मलं, म्हणजे शेषाद्रींच्या बाप्तिस्म्याच्याच वर्षी. त्याचे पहिले अध्यक्ष थॉमस चामर्स हे अर्थशास्त्रावर लिहिणारे धर्मगुरू होते, आणि सरकारनं कर लावून गरिबांना मदत करणं त्यांना मान्य नव्हतं. १८१९ पासून ग्लासगोच्या आपल्या धर्मग्रामात त्यांनी सरकारी मदतीऐवजी चर्चच्या वर्गणीतून आणि घरोघर भेटी देऊन गरिबी हाताळण्याचा प्रयोग केला. गरिबानं स्वतःच्या पायावर उभं राहावं, कुटुंबानं आणि शेजाऱ्यानं बघावं, सरकारनं मध्ये पडू नये. आमच्या मोबाईलवाल्या मित्राचं म्हणणं जवळपास हेच. स्कॉटलंडलाही ते पुरलं नाही. १८४५ मध्ये तिथं गरिबांच्या मदतीचा नवा कायदा करावा लागला.

आणि त्याच चर्चचा माणूस जालन्यात आल्यावर काय करतो? मांगाला सांगतो का, की बाबा रे, तुझं तारण झालं, आता बाजारात जा आणि नशीब काढ? नाही. तो दिवाणाकडे जातो आणि जमीन मागतो. कारण जालन्याच्या मातीवर पाय ठेवल्यावर त्याला कळलं असणार की ज्याला विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, त्याला बाजारात माल कोण विकू देणार! जालन्यातल्या मातंग ख्रिस्ती माणसाच्या पहिल्या ताठ मानेमागे बायबल होतं हे आम्ही मान्य करतो. त्याच्याबरोबर सत्तेनं दिलेली जमीन होती आणि एकत्र राहणारी वस्ती होती. त्यात बाजाराचा हात शोधूनही सापडत नाही.

दानावर जगणं आणि धर्मगुरूच्या छत्राखाली जगणं यातही फार अंतर नाही, हे मात्र त्याच दमात म्हणायला हवं. मिशनची वस्ती ही मिशनच्या मर्जीची वस्ती. आम्ही बेथेलला स्वर्ग म्हणत नाही.

पुढं काळ फिरला. स्कॉटलंडमधली फुटलेली चर्चं बहुतांशी एक झाली, आणि मे १९८८ मध्ये एडिंबरोला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेपुढे ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर भाषणाला उभ्या राहिल्या. बाजाराचं राज्य आणणाऱ्या बाई. त्यांनी धर्म म्हणजे आधी व्यक्तीची निवड असं सांगितलं, संपत्ती कमावण्यात पाप नाही असं सांगितलं, आणि काम न करणाऱ्यानं खाऊ नये, हे पौलाचं म्हणणं ऐकवलं. सभेच्या अध्यक्षांनी त्यांना उत्तरादाखल चर्चचेच दोन अहवाल हातात ठेवले. एक घरांच्या प्रश्नावर, एक गरिबीवर. जालन्याला माणसं पाठवणाऱ्या चर्चच्या वारसांनी दिलेलं हे उत्तर आम्हाला आवडतं. पौलाच्या त्या वाक्याबद्दल एवढंच, की काम न करता खाणारे शोधायचे असतील तर जालना जिल्ह्यात ते नाक्यावर सापडणार नाहीत. दुसऱ्याच्या घामावर ज्यांची गोदामं भरतात तिथं शोधावेत.

कॅथलिक चर्चची भूमिकाही दोन्ही दगडांवर पाय ठेवणारी आहे. १८९१ च्या परिपत्रकात पोप तेरावे लिओ खाजगी मालमत्तेचं जोरदार समर्थन करतात, आणि त्याच वेळी म्हणतात की मजूर आणि मालक राजीखुशीनं करारावर आले तरी मजुरी जगण्यापुरती हवीच. म्हणजे करार मोकळा असला की न्याय झाला, हे बाजारवाद्यांचं मूळ गृहीतक पोपलाही पटलं नव्हतं.

मग येशूच्या शिकवणुकीत ज्याला जागा नाही तो व्यक्तिवाद चर्चमध्ये घुसला कुठून? बाबासाहेबांचं धर्मांतरितांच्या स्थितीवरचं लिखाण वाचा, महाराष्ट्र शासनानं काढलेल्या इंग्रजी खंडांपैकी पाचव्या खंडात आहे. तिथं ते पापाच्या सिद्धांतावर बोट ठेवतात. माणसाचं अधःपतन त्याच्या पापामुळे झालं आणि त्या पापाची क्षमा ख्रिस्ताकडे मिळते, असं मिशनरी अस्पृश्याला शिकवतात. बाबासाहेब विचारतात, मग ज्या परिस्थितीनं त्याला खाली लोटलं तिचं काय? माणूस पडतो तो भोवतालामुळे, असं समाजशास्त्र सांगतं. ज्याला स्वतःच्या पापामुळे आपण पडलो असं वाटतं, तो ती परिस्थिती बदलायला उठेल का?

हेच ते दार. पाप ज्याचं त्याचं म्हटलं की गरिबीही ज्याची त्याची होते. हिंदू धर्मात त्याला कर्म म्हणतात, चर्चमध्ये पाप म्हणतात आणि मोबाईलवरच्या रीलमध्ये माइंडसेट. तिन्ही ठिकाणी गुन्हेगार एकच, जो खाली पडलाय तो.

आता आपल्या टाळ्या. बाजार जात विचारत नाही, हे आपल्यातलेही विद्वान सांगतात. दलित भांडवलशाहीचा झेंडा घेतलेले लोक आहेत, २००५ पासून पुण्यातून उभी राहिलेली दलित उद्योजकांची डिक्की आहे. आपला माणूस कारखानदार झाला तर आम्हाला आनंदच आहे. पण सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावं वेगळी. दलित आडनावाला मुलाखतीची बोलावणी कमी आली. बाजार जात तोंडानं विचारत नाही, आडनावावरून वाचतो. आणि जालन्याचा बाजार तरी स्वतःच्या पायावर उभा आहे का? इथल्या बियाणे उद्योगाची सुरुवात ज्या भेंडीच्या वाणानं झाली ती पुसा सावनी, सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेली. गिरण्या उभ्या आहेत त्या एमआयडीसीच्या भूखंडावर. उद्योगाला सरकारनं दिलं की ते प्रोत्साहन, गायरान कसणाऱ्या भूमिहीनाला दिलं की ते फुकट! १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायची, असं सरकारनंच ठरवलं होतं. त्या सातबाऱ्यासाठी मराठवाड्यात आजही माणसं तलाठ्याच्या दारात उभी आहेत.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये सांगितलं की शेतजमीन राज्याची असावी, जात-धर्म न बघता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी. सरकारच्या बंधनापासून सुटका म्हणजे स्वातंत्र्य, या युक्तिवादालाही तिथंच उत्तर आहे: ते स्वातंत्र्य जमीनदाराला खंड वाढवण्याचं आणि मालकाला मजुरी कापण्याचं असतं. बेथेलचा अनुभव आणि बाबासाहेबांचा मसुदा जमिनीवर येऊन एकमेकांना भेटतात. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त येशूला बळीराजाच्या रांगेत बसवलं. बळीचं राज्य म्हणजे प्रत्येकानं आपापलं बघावं असं राज्य, असं कुणी म्हणेल का?

आणि शेवटी आपल्याच अंगणातलं. ज्या व्यक्तिवादावर आम्ही एवढं बोललो, तोच १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बसलेला आहे. माणसानं श्रद्धा बदलली की जात गेली, असं तो आदेश मानतो. म्हणजे जात ही गावाची नव्हे, जणू माणसाच्या मनातली गोष्ट. १९५६ मध्ये शिखांना त्यात घेतलं. आपण त्याच वर्षी दीक्षा घेतली आणि केंद्राच्या सवलतींसाठी १९९० उजाडावं लागलं. चौतीस वर्षं आपल्याला हेच ऐकवलं गेलं की तुम्ही बौद्ध झालात, तुम्हाला कसली जात? आज दलित ख्रिस्ती तीच मागणी करतो, तेव्हा आपल्यातले काही तेच वाक्य त्याला ऐकवतात. वाटा कमी होईल ही भीती खोटी नाही. वाटा वाढवून मागा की! पण ज्या वाक्यानं आपल्याला चौतीस वर्षं बाहेर ठेवलं ते आपल्याच तोंडी शोभत नाही. आणि विपश्यनेच्या दहा दिवसांत स्वतःचं दुःख संपवून आलेले आपले काही सुखवस्तू बांधव वस्तीकडे फिरकत नाहीत, तेव्हा ते त्या मोबाईलवाल्या मित्रापेक्षा वेगळं काय करतात?

तो मित्र पुढच्या रविवारी चर्चची प्रार्थना आटोपून येणार आहे. येताना लेवीयचा पंचविसावा अध्याय घेऊन येतो म्हणाला. आम्ही पाचवा खंड घेऊन बसणार आहोत. अनुसूचित जाती आदेशातली धर्माची अट काढावी, या ठरावाचा मसुदाही त्या दिवशी वाचायचा आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांनी तेव्हा हजर राहावं, आणि विरोध असेल त्यांनी आधी यावं.